तिकीट नसलेला नागरिक : सार्वजनिक कलाकेंद्राच्या रचनेसंबंधी काही विचार

१

नाट्यगृह नाटकासाठी असते, ग्रंथालय वाचनासाठी असते आणि संग्रहालय वस्तूंच्या जतनासाठी व दर्शनासाठी असते. या तिन्ही वास्तूंच्या मूल्यमापनाच्या कसोट्या त्यांच्या प्रयोजनातच अनुस्यूत आहेत. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला नटाचा शब्द ऐकू येतो की नाही, वाचकाच्या मेजावर पुरेसा उजेड पडतो की नाही, चित्रांना दमट हवेची बाधा होते की नाही, हे प्रश्न विचारले की त्या त्या वास्तूचे गुणदोष बव्हंशी हाती येतात. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या वास्तुप्रकाराला ‘सांस्कृतिक केंद्र’ किंवा ‘कलाकेंद्र’ हे नाव रूढ झाले, त्याच्या बाबतीत हे प्रश्न अपुरे पडतात. या वास्तूत रंगमंच, चित्रदालन, ग्रंथसंग्रह, शिक्षणाचे वर्ग आणि उपाहारगृह ही सर्व अंगे एकत्र येतात, आणि ती एकत्र आणण्यामागे सोयीपेक्षा मोठा हेतू असतो. कला ही थोड्या जाणकारांची मिरास नसून नगरातील सर्वांची आहे, हा दावा अशा वास्तूच्या उभारणीत गृहीत धरलेला असतो. सार्वजनिक पैसा तिच्यावर खर्च होतो तोही याच दाव्याच्या बळावर.

हा दावा खरा की खोटा, हे ठरवावयाचे कसे? उद्घाटनसमयीच्या भाषणांवरून ते ठरत नाही हे उघड आहे. प्रेक्षकसंख्येवरूनही ते ठरविता येत नाही, कारण तिकीट काढून आलेला प्रेक्षक हा मुळातच कलेकडे वळलेला असतो. तो कोणत्याही नाट्यगृहात गेला असता. तेव्हा निराळी कसोटी शोधणे प्राप्त आहे. ज्याच्या हाती तिकीट नाही, ज्याला निमंत्रण नाही, ज्याचे त्या वास्तूत काही कामही नाही, असा नागरिक तेथे कुठवर आत येऊ शकतो, किती वेळ थांबू शकतो आणि संकोच न बाळगता काय करू शकतो, ही ती कसोटी होय. ‘सर्वांसाठी’ या शब्दाला काही अर्थ असेल तर तो या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या जागेवरूनच मोजता येईल.

प्रस्तुत निबंधात ही कसोटी तीन वास्तूंना लावून पाहिली आहे : पणजीची कला अकादमी, भोपाळचे भारत भवन आणि ब्राझीलमधील साओ पाऊलो नगरातील सेस्क पोंपेया. तिन्हींची रचना १९७३ ते १९८६ या काळातली. पहिल्या दोहोंचे स्थपती एकच, चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५). तिसरीच्या स्थपती लीना बो बार्दी (१९१४–१९९२). काळ एक, उद्दिष्ट एक, आणि तरीही उत्तरे भिन्न. यामुळे तुलनेला अर्थ प्राप्त होतो.

२

कलेच्या सार्वजनिक जागेची कल्पना आपल्याकडे पाश्चात्त्य संस्कारातून आली असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः देवळाचा सभामंडप ही अशीच जागा होती. दर्शनाला आलेला माणूस कीर्तनाला टेके, निरूपण कानावर घेई, आख्यान रंगले तर बसून राही आणि न रंगले तर उठून जाई. येताना वा जाताना त्याला कोणी हटकत नसे. गोमंतकात तर देवळांच्या उत्सवांतून मराठी नाटके होत आली आणि देवळांच्या आश्रयाने संगीताची परंपरा वाढली. तिकिटाविना कलेच्या सान्निध्यात येण्याची आणि मनात येईल तेव्हा निघून जाण्याची ही मुभा सभामंडपाचे मोठे बळ होते.

परंतु या आठवणीत रमून जाताना दुसरी बाजू विसरणे हे समीक्षेला शोभणारे नाही. सभामंडपाला उंबरठा होता, आणि त्या उंबरठ्यापलीकडे समाजाच्या फार मोठ्या भागाला प्रवेश नव्हता. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. म्हणजे ज्याला आपण मुक्तद्वार म्हणतो ते कोणासाठी मुक्त होते, हा प्रश्न आपल्या परंपरेत जिवंत आहे. आधुनिक नगराच्या कलाकेंद्राने सभामंडपाचा सैलपणा घ्यावा आणि त्याचा उंबरठा टाकावा, अशी दुहेरी अपेक्षा त्यातून निर्माण होते. ही अपेक्षा वाटते तितकी सोपी नाही. जातीचा उंबरठा कायद्याने पुसता येतो. पण चकचकीत फरशी, काचेचे दार, दारावरचा गणवेशधारी रखवालदार आणि आत कुजबुजत्या आवाजात बोलणारी माणसे यांनी मिळून जो उंबरठा तयार होतो, तो कोणत्याही कायद्यात सापडत नाही. साध्या कपड्यांतला माणूस त्याच्याशी येऊन थबकतो आणि परत फिरतो. त्याला कोणी अडविल्याची नोंदही कोठे राहत नाही.

एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक वास्तूंनी हा उंबरठा जाणूनबुजून उंच केला होता. मुंबईचा टाउन हॉल १८३३ मध्ये पुरा झाला. त्याच्या दर्शनी भागातील प्रशस्त पायऱ्या आणि वरचे स्तंभ यांचा हेतू पाहणाऱ्याला आपल्या लहानपणाची जाणीव करून देण्याचा होता. गंमत अशी की, पुढे मुंबईकरांनी त्याच पायऱ्यांवर बसकण मारली. मित्रमंडळींच्या गप्पा, भरदुपारचा विसावा, पावसाकडे पाहत घालविलेली संध्याकाळ, यांना त्या पायऱ्या उपयोगी पडल्या. दबदब्यासाठी बांधलेल्या जिन्याचा कट्टा झाला. या उदाहरणातून एक महत्त्वाचे सूत्र हाती लागते : नागरिक वास्तूचा ताबा घेतो तो बहुधा तिच्या कडेने, बसता येईल अशा जागेपासून. जी वास्तू बसायला जागा देते ती आपली होते. कलाकेंद्राच्या रचनाकाराला हे सूत्र ठाऊक असले तर त्याला योगायोगाची वाट पाहावी लागत नाही.

३

पणजीच्या कला अकादमीत हे सूत्र जाणीवपूर्वक योजिलेले दिसते. अकादमी ही संस्था १९७० मध्ये, गोवामुक्तीनंतर दशकाच्या आत, स्थापन झाली. मांडवीच्या काठी कांपाल येथील तिची वास्तू १९७३ ते १९८३ या काळात आकाराला आली. सुमारे १००० आसनांचे दीनानाथ मंगेशकर कला मंदिर, सुमारे २००० प्रेक्षकांचा खुला रंगमंच, प्रायोगिक नाटकांसाठी एक लहान रंगस्थान, संगीत व नाट्य यांचे शिक्षणवर्ग, चित्रदालन आणि उपाहारगृह असा तिचा संसार आहे. एवढा मोठा व्याप असूनही ही वास्तू रस्त्यावरून डोळ्यांत भरत नाही. ती आडवी पसरलेली आणि उंचीने बेताची आहे. तिला राजप्रासादाचे दर्शनी मुख नाही. दर्शनी मुखाच्या जागी आहे तो सिमेंटच्या तुळयांचा एक विस्तीर्ण मांडव.

या मांडवाचे कार्य काय, हे नीट पाहिले पाहिजे. रस्ता कोठे संपतो आणि वास्तू कोठे सुरू होते, हे त्याच्यामुळे सांगता येत नाही. पादचारी प्रथम त्याच्या सावलीत येतो. पुढे छताखाली येतो. आणि तसाच चालत राहिला तर पलीकडे बागेत व नदीकाठी निघतो. प्रवेशकक्ष हा येथे बंद दालन नसून रस्त्यापासून मांडवीपर्यंत जाणारी वाट आहे. नाटकाला जाणारा, तबल्याच्या वर्गाला जाणारा, चहाला आलेला आणि नुसता नदीवर वारा खायला निघालेला, हे सर्व एकाच वाटेने चालतात. वाटेत पायऱ्या आहेत, कमी उंचीचे कठडे आहेत. त्यांवर बसता येते. गोव्याच्या घरांना पुढे बाल्कांव असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना बसायचे सोपे असतात. घरातला माणूस व रस्त्यातला माणूस तेथे बसून बोलतात. पाहुण्याला घरात घेतले असे होत नाही आणि बाहेर उभे ठेवले असेही होत नाही. कला अकादमीचा मांडव हा साऱ्या नगराचा बाल्कांव आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कोरिया यांच्या वास्तुविचारात ‘आकाशाखाली उघडी जागा’ ही कल्पना मध्यवर्ती आहे. उष्ण हवामानात माणसाला चार भिंतींची पेटी नेहमीच लागते असे नाही. दिवसाच्या व ऋतूच्या वेगवेगळ्या वेळी झाडाची सावली, ओसरी, अंगण, गच्ची यांपैकी काही ना काही पुरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कल्पनेची चर्चा बहुधा हवामानाच्या अंगाने केली जाते. कला अकादमीत तिचे सामाजिक अंग प्रकट होते. भिंत आली की दार येते, दार आले की ते उघडणारा व बंद करणारा येतो, आणि त्याच्यामागोमाग ‘आत कशासाठी जायचे आहे’ हा प्रश्न येतो. जेथे दारच नाही तेथे हा प्रश्न विचारण्याची जागाही उरत नाही. उघड्या रचनेचा हा खरा लाभ आहे.

वास्तूच्या अंतर्भागातील चित्रांचाही येथे विचार केला पाहिजे. मारियो मिरांडा यांनी मुख्य नाट्यगृहाच्या भिंतींवर सज्जे आणि त्यांत बसलेली गोमंतकीय माणसे रंगविली. रंगमंचाकडे पाहणाऱ्या खऱ्या प्रेक्षकांच्या दोहों बाजूंना हा चित्रातला प्रेक्षकवर्ग आहे. वरवर पाहता हा विनोद आहे. मिरांडांची रेषा विनोदाची होतीच. पण विनोदाच्या पोटात एक विधान दडलेले आहे. राजेशाही नाट्यगृहांतून सज्जांत बसण्याचा मान सरदार-दरकदारांचा असे. येथे ते सज्जे गावच्या माणसांनी भरून टाकले आहेत. प्रथमच नाट्यगृहात आलेल्या माणसाला भिंतीवर आपल्यासारखीच माणसे दिसतात, आणि आपण येथे परके नाही हे त्याला कोणी न सांगता समजते.

या समावेशाचे महत्त्व गोव्याच्या संदर्भात अधिकच आहे. येथील रंगभूमीचे दोन प्रवाह दीर्घकाळ वेगळे वाहत होते. देवळांच्या उत्सवांतील मराठी नाटक हा एक. आणि १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेला, ख्रिस्ती समाजात वाढलेला कोंकणी तियात्र हा दुसरा. दोहोंचे प्रेक्षक वेगळे, भाषा वेगळी, संगीताचा बाज वेगळा. अकादमीच्या मराठी व कोंकणी नाट्यस्पर्धा आणि तियात्र स्पर्धा यांनी हे प्रवाह एका संस्थेच्या छत्राखाली आणले. हिंदुस्थानी संगीताच्या जोडीला पाश्चात्त्य संगीताचेही शिक्षण तेथे दिले जाऊ लागले. देऊळ आणि चर्च यांच्या प्रांगणांत जे एकत्र येणे संभवनीय नव्हते, त्यासाठी कोणत्याच धर्माची नसलेली तिसरी जागा आवश्यक होती. दीनानाथांचे नाव धारण करणाऱ्या रंगमंचावर तियात्राची गाणी व्हावीत, ही गोष्ट आज स्वाभाविक वाटते. ती स्वाभाविक वाटावी यातच या जागेचे यश आहे.

४

भोपाळच्या भारत भवनाचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी झाले. मोठ्या तलावाकडे उतरत जाणाऱ्या टेकडीच्या उतारात कोरिया यांनी ही वास्तू जवळजवळ पुरून टाकली आहे. वरून येणाऱ्याला इमारत दिसतच नाही; दिसतात त्या हिरव्या गच्च्या, पायऱ्या आणि पलीकडचे पाणी. पायऱ्या उतरत गेले की एकामागून एक चौक लागतात आणि चौकांभोवती रूपंकर, वागर्थ, अनहद, अंतरंग, बहिरंग ही दालने व रंगस्थाने उलगडत जातात. बारव किंवा कुंड यांत उतरण्याचा जो अनुभव या देशातील माणसाला परिचित आहे, त्याचाच येथे आधार घेतला आहे. वास्तूचे रूप म्हणून पाहिले तर भारत भवन हे कला अकादमीहून श्रेष्ठ ठरेल. उजेडाची योजना, पातळ्यांची गुंफण, जलदृश्याचे क्रमाक्रमाने होणारे दर्शन, यांत ते अधिक परिपक्व आहे.

मात्र वरील कसोटी लावली की निर्णय बदलतो. भारत भवन कोणाच्या वाटेवर नाही. टेकडीच्या कुशीतील ही जागा रम्य आहे, आणि रम्य आहे म्हणूनच ती रोजच्या येण्याजाण्यापासून दूर आहे. तेथे जावयाचे तर ठरवून जावे लागते. पणजीच्या वाटेवर माणूस सहज सापडतो. भोपाळच्या पायऱ्यांवर तो मुद्दाम आलेला असतो. रचना कितीही उघडी असली तरी स्थान जर बाजूला असेल तर उघडेपणाचा अर्धा गुण वाया जातो. कलाकेंद्राच्या यशापयशाचा मोठा भाग स्थपतीच्या हाती कागद येण्यापूर्वीच, भूखंडाची निवड होते त्या क्षणी ठरून जातो, हा धडा येथे घेण्यासारखा आहे.

तथापि भारत भवनाने दुसऱ्या एका उंबरठ्याला जो धक्का दिला त्याची नोंद घेतल्यावाचून हे विवेचन न्याय्य होणार नाही. रूपंकर संग्रहालयात जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासी कलाकारांच्या कृती नागर कलावंतांच्या कृतींच्या शेजारी, समान मानाने मांडल्या. पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम हे याच प्रयत्नातून पुढे आले आणि या वास्तूच्या भिंतींवर त्यांनी चित्रे रंगविली. पूर्वीच्या संग्रहालयांत आदिवासी हा मानववंशशास्त्राचा विषय होता. येथे त्याला कलाकार म्हणून नाव मिळाले. म्हणजे सामान्य माणसाचा प्रवेश दोन प्रकारचा असू शकतो : प्रेक्षक म्हणून आणि निर्माता म्हणून. कला अकादमी पहिल्या दाराने अधिक उदार आहे, भारत भवन दुसऱ्या दाराने. या दोहोंची बेरीज ज्या वास्तूत साधेल तिला पूर्ण अर्थाने लोकांची म्हणता येईल.

५

साओ पाऊलोच्या पोंपेया वस्तीत पोलादी पिंपे तयार करणारा एक जुना कारखाना होता. व्यापारी आस्थापनांच्या वेतनपटावरील सक्तीच्या वर्गणीतून चालणाऱ्या सेस्क या संस्थेने तो घेतला. लीना बो बार्दी १९७६–७७ च्या सुमारास ती जागा पाहावयास गेल्या, तेव्हा प्रथम त्यांचे लक्ष काँक्रीटच्या सडपातळ खांबांकडे व विटांच्या भिंतींकडे गेले. दुसऱ्या वेळी त्या सुट्टीच्या दिवशी गेल्या तेव्हा वेगळेच दृश्य दिसले. आसपासच्या वस्तीतील कुटुंबे त्या मोकळ्या कारखान्यात आलेली होती; मुले धावत होती, पोरे चेंडू खेळत होती, आया खाण्याचे पदार्थ करीत होत्या. हे सारे असेच चालू राहिले पाहिजे, हा निर्णय लीना बो बार्दी यांनी तेथेच घेतला. कारखाना पाडून नवी वास्तू उभी करण्याऐवजी त्यांनी भिंतींचा गिलावा काढून विटा उघड्या केल्या आणि मधला रस्ता तसाच ठेवला. १९८२ मध्ये हा भाग खुला झाला. क्रीडेचे काँक्रीटचे मनोरे १९८६ पर्यंत पुरे झाले.

या रचनेतील काही तपशील मननीय आहेत. मुख्य दालनात जमिनीवरून वळणे घेत जाणारा पाण्याचा एक उथळ प्रवाह आहे आणि थंडीसाठी शेकोटी आहे. वाचनाच्या जागा त्याच दालनात, उंच काँक्रीटच्या ओट्यांवर आहेत. पेपर वाचणारा म्हातारा, पाण्याशी खेळणारे मूल आणि प्रदर्शन पाहणारा विद्यार्थी यांच्यामध्ये भिंत नाही. भोजनगृहात लांबलचक सामाईक मेजे आहेत. अनोळखी माणसाशेजारी बसणे तेथे ओघानेच येते. जागेच्या मागील भागाखालून झाकलेला ओढा जात असल्यामुळे तेथे बांधकाम करणे शक्य नव्हते. ती अडचण स्वीकारून त्यावर लाकडी फळ्यांचा रुंद पट्टा घातला आणि साओ पाऊलोच्या समुद्रापासून दूर राहणाऱ्या लोकांना ऊन खात पडण्यासाठी पुळण मिळाली. दोन्ही मनोरे त्या ओढ्यावरून जाणाऱ्या काँक्रीटच्या पुलांनी जोडलेले आहेत.

‘संस्कृती’ या शब्दाचे ओझे लीना बो बार्दी यांना नकोसे वाटे. तो शब्द पाटीवर लिहिला की माणसांना आपण काहीतरी उच्च करावयाचे आहे असे वाटू लागते आणि ती अवघडतात, असा त्यांचा आशय होता. खाणे, बसणे, बोलणे, चालणे, ऊन खाणे या साध्या क्रियांपासून त्यांनी आपल्या रचनेचा आरंभ केला. या क्रियांच्या मध्ये नाट्यगृह, ग्रंथसंग्रह, हस्तकलांच्या कार्यशाळा अशा रीतीने पेरल्या की त्यांच्याकडे जाण्यासाठी वेगळा निश्चय करावा लागू नये. तिकीट नसलेल्या नागरिकाचा विचार सर्वांत आधी आणि सर्वांत बारकाईने झाला असेल तर तो या वास्तूत.

तरीही एका ठिकाणी त्यांचा आग्रह तपासून पाहण्याजोगा आहे. तेथील नाट्यगृहाची आसने लाकडी आहेत. त्यांवर गादी नाही. प्राचीन नाट्यगृहांत लोक दगडावर बसत, मऊ आसनांनी प्रेक्षक सुस्त होतो, असे समर्थन करण्यात आले. परंतु दिवसभर दुकानात उभे राहून आलेल्या नोकराला मऊ आसनाचा मोह होणे हे काही रसिकतेच्या अभावाचे लक्षण नव्हे. लोकांच्या साधेपणावर प्रेम करणारा कलावंत कधीकधी लोकांना साधेच राहण्याची सक्ती करतो. सामान्य माणसाला साधेपणाइतकाच ऐषारामाचाही हक्क आहे, हे लोकाभिमुख रचनेने विसरू नये.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रिकामटेकडे लोक येऊन बसले म्हणजे कलेचे काय भले झाले? जो नदीवर वारा खातो तो नाटक पाहतोच असे नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि प्रत्येक वाटसरू रसिक होईल असा दावा येथे केलेलाही नाही. मुद्दा वेगळा आहे. कलेची आवड उपजत असते तशीच ती संगतीनेही लागते, आणि संगतीसाठी सान्निध्य लागते. वर्गातून ऐकू येणारा तंबोरा, तालमीतला अर्धवट संवाद, रंगमंचाकडे नेले जाणारे नेपथ्याचे तुकडे, हे ज्याच्या कानाडोळ्यांवर रोज पडते, त्याच्या बाबतीत निदान एक शक्यता निर्माण होते. बंद दाराच्या वास्तूत ती शक्यताही नसते. शिवाय कलेचे गांभीर्य दाराच्या उंचीवर अवलंबून नाही. चांगल्या कीर्तनकारापुढे मंडप आपोआप शांत होत असे. तेथे शांतता पाळण्याची पाटी लावलेली नसे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वास्तूने काय होते? कार्यक्रम चांगले असतील तर लोक मांडवाविनाही येतात, आणि नसतील तर मांडवाखाली कुत्री झोपतात. हे मान्य केले पाहिजे. वास्तू केवळ संधी देते. संधीचे सोने संस्थेने करावयाचे असते. परंतु उलट बाजूही तितकीच खरी आहे : संस्थेचे धोरण बदलले की वास्तूने दिलेली संधी काढून घेता येते, आणि ती निमूटपणे काढून घेतली जाते. पॅरिसचे पाँपिदू केंद्र हे याचे उदाहरण. १९७१ च्या स्पर्धेत ६८१ आराखड्यांतून रेन्झो पियानो व रिचर्ड रॉजर्स यांचा आराखडा निवडला गेला. उपलब्ध जागेचा जवळजवळ अर्धा भाग त्यांनी इमारतीला न देता उघड्या चौकाला दिला होता. १९७७ मध्ये केंद्र उघडले तेव्हा इमारतीच्या बाहेरच्या अंगाने वर जाणारे सरकते जिने सर्वांना विनामूल्य होते. संग्रहालयात न शिरताही कोणीही पॅरिसकर वर जाऊन आपले नगर पाहू शकत असे. २००० च्या नूतनीकरणानंतर त्या जिन्यांसाठी तिकीट लागू झाले आणि सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रवेशद्वार निराळे करण्यात आले. वास्तूची एक वीटही न हलविता तिचा मूळ विचार अर्धा नाहीसा झाला. उंबरठा भिंतीतच असतो असे नाही. तो दरपत्रकातही असू शकतो.

७

यावरून रचनेइतकेच महत्त्व निगेला आहे हे दिसून येईल. उघडी वास्तू ही बंद वास्तूपेक्षा अधिक निगा मागते. ऊन, पाऊस आणि हजारो पावले ती रोज सोसत असते. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत काँक्रीटमधील लोखंड गंजते हे स्थापत्यशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. कला अकादमीच्या वाट्याला आलेली अलीकडची वर्षे या दृष्टीने उद्बोधक आहेत. २०१९ मध्ये तिचा खुला रंगमंच पाडण्याचा विचार पुढे आला तेव्हा कलावंत, स्थपती व नागरिक यांनी त्याला विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. पुढे २०२१ मध्ये वास्तू दुरुस्तीसाठी बंद झाली. दुरुस्ती चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अकादमी पुन्हा उघडली. त्यानंतर ध्वनी, प्रकाशयोजना आणि गळती यांविषयी कलावंतांच्या तक्रारी प्रसिद्ध होत राहिल्या.

या वादात जी चर्चा झाली ती बहुतांशी खर्च, कंत्राट आणि नाट्यगृहाची तांत्रिक सज्जता यांभोवती फिरली. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत; नटाचा शब्द शेवटच्या रांगेत पोहोचलाच पाहिजे. परंतु २०२१ ते २०२३ या काळात पणजीकराने काय गमावले याचा हिशेब केवळ न झालेल्या प्रयोगांच्या संख्येने पुरा होत नाही. रस्त्यापासून मांडवीपर्यंतची ती वाट त्या काळात बंद होती. प्रयोग दुसऱ्या नाट्यगृहात करता येतो. वाट दुसरीकडे नेता येत नाही. दुरुस्तीच्या यादीत आसने, दिवे, ध्वनियंत्रणा यांच्या नोंदी असतात. कठड्यावर बसण्याची मुभा ही नोंद कोणत्याही यादीत नसते, म्हणून ती हरवली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. सुरक्षिततेसाठी एक फाटक, व्यवस्थेसाठी एक अडसर, स्वच्छतेसाठी एक मनाईची पाटी, असे एकेक करीत बाल्कांवाची कचेरी होऊन जाते.

पुण्यातील १९६८ च्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचे प्रस्ताव गेली काही वर्षे चर्चेत आहेत. अन्य नगरांतही जुन्या नाट्यगृहांच्या जागी बहुमजली संकुले उभारण्याच्या योजना वेळोवेळी पुढे येतात. अशा प्रत्येक प्रस्तावात आसनसंख्या, वाहनतळ आणि दुकानांचे क्षेत्रफळ यांचे आकडे अचूक दिलेले असतात. त्या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा मागण्याची सवय समीक्षकांनी व नगरपालिकांनी लावून घ्यावयास हवी : ज्याच्यापाशी तिकीट नाही त्याला बसण्यासाठी, दारावर कोणी न हटकता, सावलीत, किती जागा राखून ठेवली आहे? कला अकादमी, भारत भवन आणि सेस्क पोंपेया यांची उत्तरे भिन्न आहेत. परंतु हा प्रश्न आराखड्याच्या आरंभी विचारावयाचा असतो, एवढे तिन्हींच्या रचनाकारांना ठाऊक होते. त्याचे उत्तर शून्य येत असेल, तर त्या वास्तूला नाट्यगृह म्हणावे, सभागृह म्हणावे, संकुल म्हणावे. सार्वजनिक कलाकेंद्र म्हणू नये.